चार दहा ते चार चौदा

मी त्या घरी पहिल्यांदा गेलो तो एक साधी तक्रार बंद करायला. 'तक्रार बंद करणं' हा आमच्या धंद्यातला शब्द. तक्रार सोडवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, हे या कामात पडल्यावर महिन्याभरात कळतं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, म्हणून ऑफिसात मला 'जादूगार' म्हणायचे. मी हात लावला की त्या ग्राहकाचा पुन्हा फोन येत नसे.

तो दिवा जरा इकडे सरकवता? हं. आता बरं आहे.

घरोघरचं इंटरनेट दुरुस्त करणं हे माझं काम. त्या वर्षी फोन आणि कॉम्प्युटरसाठी नवी सिस्टिम आली होती. लोक रात्री झोपले, मशीनं आपोआप अपडेट झाली, आणि सकाळी उठून बघतात तर वायफायच्या पट्ट्या फुल आणि नेटच्या नावानं बोंब. कॉम्प्युटरवाले म्हणायचे, तुमचा राउटर जुना आहे. आम्ही म्हणायचो, तुमची सिस्टिम नवी आहे. ग्राहक बिचारा दोघांच्या मध्ये चेंडूसारखा टोलवला जायचा.

खरं कारण मला ठाऊक होतं. नवी सिस्टिम स्वतःची ओळख लपवायला थोड्या थोड्या वेळानं आपला पत्ता बदलायची. आमचे राउटर म्हणजे सात-आठ वर्षांचे पांढरे डबे, साधेभोळे. एकच फोन दहा वेळा नाव बदलून दारात आला की त्यांना वाटायचं दहा पाहुणे आले. आत जागा बत्तीस जणांची. ती भरली की डबा दार लावून घ्यायचा. बंद करून सुरू केला की सगळं विसरायचा आणि पुन्हा दिवसभर नीट चालायचा. खरा उपाय म्हणजे नवा डबा, आणि तो तीन महिने तरी मिळणार नव्हता. तक्रार मात्र चोवीस तासांत बंद व्हायला हवी. त्याच घरातून पुन्हा आली तर आपल्या नावापुढे लाल खूण.

मग मी एक युक्ती काढली. डब्याच्या सेटिंगमध्ये आत एक जागा असते. तिथे वेळ घातली की डबा रोज त्या वेळी स्वतःहून बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. मी वेळ निवडली दुपारी चार वाजून दहा मिनिटं. माणसं कामावर, मुलं खेळायला, म्हातारी मंडळी डुलक्या काढत असतात. आमचा जुना डबा जागा व्हायला चार मिनिटं घ्यायचा. चार दहा ते चार चौदा. एवढ्यात कोणाचं काय बिघडणार? एकसष्ट घरांत मी ही वेळ घातली. ग्राहकाला सांगितलं नाही, ऑफिसला सांगितलं नाही. कागदावर लिहायचो, 'सेटिंग तपासली, नेट सुरू.' आणि नेट सुरू असायचंच की.

त्या एकसष्टांतलं एक घर बाईंचं.

बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई, भूगोल शिकवायच्या. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. दिवसभर सांभाळायला एक मावशी यायच्या. पलंगासमोरच्या कपाटावर मुलीनं कॅमेरा बसवला होता, आणि बाईंच्या उजव्या हाताशी एक पांढरं बटण दोरीनं बांधलं होतं. ते दाबलं की घरच्या वायफायवरून मुलीच्या आणि मावशींच्या फोनवर शाळेची घंटा वाजायची. टण टण टण. आवाज मुलीनंच निवडला होता. "आईनं आयुष्यभर घंटा झाली की पोरांना पळवलं," ती म्हणाली, "आता आम्ही पळतो." मावशींनी हातात धरलेल्या फोनमधून ती माझ्याशी बोलत होती.

खोलीत पडदे ओढलेले होते. मलमाचा वास, पावडरीचा वास, आणि त्यात मिसळलेला तापलेल्या प्लास्टिकचा वास. हा शेवटचा आमच्या डब्याचा. तो पलंगाशेजारच्या टेबलावर होता, बाईंच्या हातापासून जेमतेम वीतभर लांब.

"दादा, कॅमेरा एक वेळ गेला तरी चालेल," मुलगी म्हणाली. "बेल जाता कामा नये. तिच्या घशात कफ अडकतो. मावशी लगेच पोचल्या, पाठ चोळून तिला बसवलं, की निभावतं. नाही पोचल्या तर..."

"ताई, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो.

बेल तपासायला मी थोडा वेळ माझाही फोन जोडला. बाईंनी बटण दाबलं, तिन्ही फोन खणखणले. मग मी माझा फोन यादीतून काढला. काढला, हे मला पक्कं आठवतं. मग सेटिंग उघडून वेळ घालायला लागलो आणि बोट थांबलं. या घरी नको, असं वाटून गेलं. मग वाटलं, चार मिनिटं तर आहेत. मी वेळ घातली आणि वर बघितलं. बाई माझ्या बोटांकडे बघत होत्या. परीक्षेला वर्गात फिरणाऱ्या बाईंची नजर कशी असते, आठवते ना? तशी. मी बॅग उचलून बाहेर पडलो.

चार महिने काही झालं नाही. मग एके दिवशी मुलीचा फोन आला, थेट माझ्या नंबरावर. आपला नंबर ग्राहकाला देऊन ठेवायचा, म्हणजे तक्रार ऑफिसपर्यंत जात नाही, ही माझी आणखी एक जादू.

"दादा, रोज चार दहाला आमचा कॅमेरा जातो. पाच मिनिटांनी परत येतो. अगदी रोज. तुमच्याकडून काही होतंय का?"

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. नुसतं 'हो ताई' म्हणायचं होतं. पण त्या महिन्यात माझ्या नावापुढे आधीच दोन लाल खुणा होत्या.

"आमच्याकडून काही नाही," मी म्हणालो. "घरातूनच कोणीतरी स्विच बंद करत असेल."

ती हळूच म्हणाली, "घरात मावशीच असतात फक्त."

"आता ते मी कसं सांगणार?" मी म्हणालो. उद्याच जाऊन ती वेळ काढून टाकायची, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं काम निघालं. मग विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरलो नव्हतो, टाळत होतो. सतराव्या दिवशी बाई गेल्या.

जोडणी बंद करून डबा परत न्यायला मला बोलावलं तेव्हा ते कळलं. दार मुलीनंच उघडलं. खोलीत पडदे तसेच ओढलेले, पलंगावर गादी नव्हती, पण तो वास होता. तिनं मला पाणी दिलं आणि स्वतःहून सगळं सांगितलं. तिला कोणालातरी सांगायचंच होतं. बाईंना चार दहानंतर ठसका लागला. त्यांनी पाच वेळा बटण दाबलं. नेट नव्हतं, म्हणून घंटा वाजलीच नाही. चार चौदाला नेट परत आलं आणि पाचही घंटा एकदम वाजल्या. मावशी मागच्या गच्चीत कपडे काढत होत्या, त्या तेव्हा धावल्या. मुलीच्या फोनवर चित्र परत आलं तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की मावशी बाहेरून धावत येताहेत.

"रोज नेट बंद करून बाहेर जायच्या," ती म्हणाली. "मला दिसू नये म्हणून. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेला मी कळवलंय. आता कोणाच्याही घरी त्यांना ठेवणार नाहीत." मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं तरी, दादा. तुमचे उपकार आहेत."

मी काय केलं, ऐका. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबली की डब्यातलं सगळं पुसलं जातं. मी तिच्यासमोर खिशातून टाचणी काढली आणि दाबून धरली. "नियमच आहे तसा," मी म्हणालो. मनात एक ते दहा आकडे मोजले. मग डबा बॅगेत टाकला, कागदावर तिची सही घेतली आणि जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच जण ऑफिसखाली चहा पीत उभे होतो. माझ्या खिशातून शाळेची घंटा वाजली.

टण टण टण.

"चला रे, शाळा सुटली," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी फोन काढला. स्क्रीन काळीच होती. हातात धरलेला तो काळा फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. असं पाच वेळा झालं. शेवटच्या वेळी मला चहाचा वास येईनासा झाला आणि मलमाचा यायला लागला. घड्याळात चार तेरा झाले होते.

तेव्हापासून रोज. त्या बेलचं ॲप माझ्या फोनमध्ये राहिलंच नव्हतं, तरी वाजायची. फोन बंद करून ठेवला, तरी वाजायची. सुटीच्या दिवशी बायकोनं ऐकली. "अहो, हा कसला घाणेरडा आवाज लावलाय? उचला तरी," ती म्हणाली. मी नवा फोन घेतला. चार अकराला तो नवा कोरा फोन खोक्यातच वाजला. बायको त्या रात्रीपासून माझ्याकडे पाठ करून झोपायला लागली.

मला वाटलं, निदान पुढचं पाप तरी टाळू. रोज पाच-सहा घरी जायचो, 'तपासणी आहे' म्हणायचो आणि ती वेळ काढून टाकायचो. पंधरा दिवसांत साठही घरं झाली. साठाव्या घराच्या पायरीवर बसलो असताना घंटा वाजली.

त्याच आठवड्यात स्टोअरमधल्या काकांनी मला बाजूला घेतलं. परत आलेले डबे आमच्या इमारतीच्या तळघरात रचून ठेवतात. काका तिथे वीस वर्षं बसतात. कशाला दचकणारा माणूस नाही.

"तू तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीकडून आणलेला डबा," ते म्हणाले. "तो जरा घेऊन जा ना इथून."

"का, काय झालं?"

"दुपारी ये. चारला. तूच बघ."

मी गेलो. तळघरात एकच दिवा, तोही दारापाशी. मागे रांगाच्या रांगा लोखंडी फळ्या, त्यावर शेकडो पांढरे डबे, वायरी काढलेले, धुळीनं माखलेले. कोंदट ओल होती. काका दारातच थांबले. मी एकटा आत गेलो आणि त्या डब्यासमोर उभा राहिलो. त्याच्या पोटावर मीच लावलेली चिठ्ठी होती. वायर नव्हती. मी हात फिरवून बघितलं, मागेही काही नव्हतं.

चार दहाला त्यावर तांबडा दिवा लागला.

जुना डबा सुरू होताना त्याचे दिवे एका ठरलेल्या क्रमानं लागतात. आधी तांबडा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पिवळा लुकलुकतो, शेवटी हिरवा. तसेच ते लागत होते, अगदी सावकाश. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. आणि त्या लुकलुकीच्या मधल्या अंधारात मला एक आवाज आला... डब्याचा नव्हे. घशात काहीतरी अडकल्यावर माणूस श्वास ओढतो ना... तसा. ओढला जात होता, पण आत जात नव्हता. खिशात घंटा वाजायला लागली.

"बाई..." मी म्हणालो. "बाई, माझं चुकलं..."

आवाज थांबला नाही. मला पळायचं होतं. पण मी पळालो असतो तर बाईंना तसंच सोडून जाणं दुसऱ्यांदा झालं असतं. मी तिथे उभा राहिलो. चार मिनिटं किती मोठी असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. एवढ्यात कोणाचं काय बिघडणार, असं मी म्हणालो होतो! चार चौदाला हिरवा दिवा लागला, आवाज मध्येच तुटला, आणि सगळे दिवे गेले.

काका दारातून म्हणाले, "कोणाला सांगायचं राहिलंय का रे तुझं काही?"

मी संस्थेतून मावशींचा पत्ता काढला. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली होती. दार उघडंच होतं. त्या शेजारपाजारच्या लोकांचे कपडे इस्त्री करत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"नेटवाले भाऊ ना तुम्ही? बसा." आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "बाईंचं कळलं ना तुम्हाला? माझ्याच्यानं घात झाला हो."

"तुमच्याच्यानं?"

"आधी मी म्हणायची, मी नाही केलं बंद. सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. मग रात्रंदिवस विचार केला. रोज तिसऱ्या प्रहरी मी लादी पुसायची. त्या टेबलाखालून फडकं जायचं. तिथं स्विच होता. लागला असेल धक्का. रोजच लागत असेल." त्या इस्त्री फिरवत राहिल्या. "ताई म्हणतात मुद्दाम केलं. मुद्दाम नाही केलं मी. पण केलं मीच असणार. नाहीतर बंद कसं होईल?"

मी सांगायलाच आलो होतो. दोन महिने मी भ्यालो होतो की मावशी मला शिव्या देतील. त्यांनी माझं पाप उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

टण टण टण.

मावशी ताडकन उठल्या. "आले, बाई! आले, आले..." हातातली इस्त्री शर्टावर तशीच टाकून त्या दाराकडे धावल्या, चपला न घालता. उंबरठ्यावर त्यांना भान आलं. चौकट धरून त्या थांबल्या. हळूच वळल्या. घंटा माझ्या खिशात वाजत होती आणि त्या माझ्या खिशाकडे बघत होत्या. खोलीत शर्ट जळाल्याचा वास भरला.

"हे तुमच्याकडे कसं?" त्यांनी विचारलं.

मी इस्त्री उभी केली आणि सगळं सांगितलं. वेळ घातल्याचं, खोटं बोलल्याचं, टाचणीचं, सगळं. त्यांना राउटरमधलं काही कळलं नसावं. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे माझा धक्का नव्हता?"

"नव्हता."

"फडकंबिडकं काही नाही?"

"नाही, मावशी. तुम्ही काहीच केलं नाही. मी केलं."

त्या खाली बसल्या. जळालेला शर्ट मांडीवर घेऊन त्या खुणेवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ताईंना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

मी लावला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी तुमचे आभार मानले होते," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "फोन मावशींना द्या."

मी फोन देऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. आत मावशी रडत होत्या आणि "असू दे, ताई, असू दे" म्हणत होत्या.

ऑफिसात मी लेखी दिलं. त्यांनी मला त्याच दिवशी काढलं. ते बरोबरच होतं. मुलीनं संस्थेला पत्र लिहून मावशींचं नाव साफ केलं, आणि आता त्या दुसऱ्या एका आजीबाईंना सांभाळतात. घंटा त्या दिवसापासून बंद झाली. चार दहा यायचे आणि जायचे. बायको पुन्हा माझ्याकडे तोंड करून झोपायला लागली. मला वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात मुलीचा निरोप आला. कॅमेऱ्याच्या आत एक छोटं कार्ड असतं. नेट गेलं तरी त्यावर चित्रण होत राहतं. हे मला माहीत होतं, आणि मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. सामान लावताना ते तिला सापडलं. तिनं त्या दिवशीची ती चार मिनिटं मला पाठवली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'बघा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.'

मी बघितलं.

ओढलेले पडदे, पलंग, बाई. डब्याचे दिवे विझतात. बाईंना ठसका लागतो. त्या बटण दाबतात, पुन्हा दाबतात. आणि टेबलापाशी, डब्यासमोर, एक माणूस उभा आहे. बाईंकडे आणि कॅमेऱ्याकडे पाठ. कंपनीचं जाकीट, खांद्यावर बॅग. बॅगेचा पट्टा मी एकदा निळ्या दोऱ्यानं शिवला होता, तो निळा दोरा दिसतो. बाई बटण सोडून देतात. उजवा हात लांब करतात. त्याच्या जाकिटाला हात लागायला चार बोटं कमी पडतात. तो दिव्यांकडे बघत उभा आहे. हिरवा दिवा लागतो, तेव्हा तिथे कोणी नसतं.

तिचा प्रश्न असा होता, 'तुम्ही मागे वळून का बघितलं नाहीत?'

मी तिथे नव्हतो हो! शपथेवर सांगतो. त्या दिवसाचा कागद माझ्याकडे होता, सहीचा, वेळेचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी होतो मी. चार वाजता आलो, साडेचारला गेलो, असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं. तो कागद घेऊन मी काल त्यांच्याकडे गेलो. ती सही त्यांची आहे, मी तिथेच होतो, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

"होतात की," पोस्टमास्तर म्हणाले. "चांगलं आठवतं. वेळेच्या बाबतीत मी चुकत नाही."

माझा जीव भांड्यात पडला.

"चार दहाला माझा चहा असतो," ते म्हणाले. "तुम्हालाही ठेवला होता. तुम्हाला तीनदा हाक मारली. तुम्ही आमच्या डब्यासमोर उभे, पाठ माझ्याकडे. वळला नाहीत. तुमच्या खिशात फोन वाजत होता. शाळेची घंटा होती. पाच वेळा वाजली. मी म्हटलं, अहो उचला, कोणीतरी अडलेलं असेल."

"मग... मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, वाजू दे. चार मिनिटांत आपोआप थांबेल."

"आणि?"

"थांबला की," पोस्टमास्तर म्हणाले. "मग तुम्ही चहा घेतलात, सही घेतलीत आणि गेलात."